आधी दाखव, मग कर

माझं काम पुस्तकांच्या संपादनाचं. लेखकांकडून प्रकरणं येतात. फाइलींची नावं एका धर्तीची करायची, शब्द मोजायचे, प्रती जपून ठेवायच्या. माउसने हे सगळं होतं, पण दर पुस्तकाला तेच. त्या कंटाळ्यापायी मी टर्मिनल उघडलं आणि तिथे रमले ते वेगळ्याच कारणाने. तिथे आपलं काम आधी स्वतःलाच नीट सांगावं लागतं. ‘या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलच्या नावातली मोकळी जागा काढ आणि तिथे अधोरेषा घाल’ हे वाक्य कागदावर स्वच्छ उतरलं, की निम्मी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडींची फाइल, झालीच. ‘प्रत्येक’ म्हटलं की लूप आला, म्हणजे तीच कृती फिरून फिरून करणं. फाइलचं नाव दुहेरी अवतरणात ठेवायचं, कारण तसं न केल्यास शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांडी वाचणारा प्रोग्रॅम, मोकळ्या जागेवर नावाचे तुकडे पाडतं. ‘प्रकरण २’ ही एकच फाइल, पण त्याला त्या दोन वाटतात.

नवख्या माणसाला मी सगळ्यात आधी एको ही कमांड शिकवते. नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडच्या अलीकडे एको लिहायचं, म्हणजे नाव बदलत नाही. काय होणार होतं ते फक्त पडद्यावर उमटतं. यादी डोळ्यांखालून घालायची, पटली तरच एको काढायचं. त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर एमव्ही सहसा न विचारता तिच्यावर दुसरी चढवतं. फाइली पुसणाऱ्या आरएम कमांडने पुसलेलं कचरापेटीत जात नाही. म्हणून ही सवय मला कुठल्याही कमांडपेक्षा मोलाची वाटते.

आणि मग पाइप. डग मॅकिलरॉय बेल लॅब्समध्ये या कल्पनेचा पाठपुरावा कितीतरी वर्षं करत होते. १९७३ मध्ये केन थॉम्पसननी ती युनिक्समध्ये आणली. एका कमांडने जे बाहेर टाकलं ते पुढचीने आत घ्यायचं, एवढंच. पण त्यातून काय उभं राहतं पाहा. मजकुरात बदल करणाऱ्या सेड कमांडने प्रकरणातल्या मोकळ्या जागांच्या ठिकाणी नवी ओळ घालायची, म्हणजे ओळीला एक शब्द मिळतो. हे शब्द क्रम लावणाऱ्या सॉर्टकडे द्यायचे, मग युनिककडे मोजायला. युनिक फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी ओळखतं, म्हणून सॉर्ट आधी. शेवटी पुन्हा सॉर्ट, संख्येनुसार उतरत्या क्रमाने. समोर येते पुस्तकातल्या शब्दांची वारंवारता, आणि त्यात ‘दृष्टिकोन’ व ‘दृष्टीकोन’ दोन्ही बसलेले दिसतात! मुद्रितशोधनात थकलेल्या डोळ्यांना जे निसटतं ते इथे पकडलं जातं. शिवाय साखळी कुठेही तोडून मधल्या टप्प्यावर काय बाहेर आलं ते पाहता येतं, त्यामुळे निकालावर आंधळा विश्वास ठेवावा लागत नाही.

मराठीत काम करणाऱ्याला मात्र काही गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात, आणि नवशिक्यांसाठीच्या पुस्तकांत त्या फारशा नसतात. ‘मराठी’ या शब्दात आपण तीन अक्षरं वाचतो; युनिकोडच्या हिशेबात काना आणि वेलांटी सुटी धरून ती पाच चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन याप्रमाणे १५ बाइट लागतात. अंकांचंही तसंच. सॉर्टला संख्येनुसार लावायला सांगितलं, तरी देवनागरी अंक त्याला अंक वाटत नाहीत, आणि ‘प्रकरण १०’ हे ‘प्रकरण २’च्या आधी येऊन बसतं. म्हणून हे अंक आधी इंग्रजी अंकांत बदलावे लागतात; त्यासाठी एका चिन्हाऐवजी दुसरं घालणारं टीआर सोयीचं वाटतं, पण ग्नूचं टीआर एकेका बाइटवर चालतं. देवनागरीचा चुथडा होतो. तिथे सेडची वाय सूचना वापरायची, ती योग्य लोकेलमध्ये, म्हणजे भाषेची मांडणी नीट लावलेली असताना, अख्खं चिन्ह ओळखते.

हे सगळं मी स्क्रिप्टमध्येच, हॅशच्या चिन्हापुढे, मराठीत लिहून ठेवते. शेल त्या ओळी वाचत नाही. त्या माणसांसाठी असतात. टीआर का टाळलं, हे तिथे वाचून आमच्याकडच्या एका नव्या सहकाऱ्याने तीच सेडची ओळ उचलली आणि शब्दसूचीतले पृष्ठांक क्रमाने लावून घेतले. आता त्या स्क्रिप्टमध्ये त्याच्याही टिपा आहेत.