झाकण

फणेरपेटीत अवघड काय, असं विचारणाऱ्याला वाटतं मी कप्प्यांचं नाव घेईन, नाहीतर नक्षीचं. कप्पे कुणीही करतं. अवघड एकच, झाकण. माझ्या पेटीचं झाकण मागे बिजागऱ्यांवर असतं आणि पुढे भिंतीच्या आत उतरतं. ते आषाढात अडकता कामा नये आणि चैत्रात त्याची फट दिसता कामा नये.

आमच्या सिंधुदुर्गात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो छपरावर पडतो तेवढाच लाकडातही शिरतो. सागाची फळी लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला फुगते. आठ इंच रुंदीच्या झाकणाला मे आणि जुलै यांत अर्ध्या सुताचा फरक पडू शकतो. गाभ्यातून उभी चिरलेली फळी साधारण निम्मीच हलते, म्हणून मी गिरणीत तासन्‌तास ढीग उपसत बसतो आणि गिरणीवाला वैतागतो. उन्हाळ्यात केलेल्या पेटीला फट सोडायची, पावसात केलेलीला जवळपास नाहीच. ही पेटी मुंबईला एसीच्या खोलीत जाणार की कॅनडाला, हे मी आधी विचारतो. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा चौकस आहे.

झाकणाच्या पोटात आरसा. काच फुगत नाही, लाकूड फुगतं, म्हणून आरसा चिकटवायचा नाही, पट्ट्यांच्या खोबणीत सैल ठेवायचा. हल्ली दुकानात मिळणाऱ्या एमडीएफच्या पेट्यांना ही कटकट नाही. लेझरने कोयरी कापली, आरसा चिकटवला, झालं. त्या हलत नाहीत हे खरं. पण एकदा पाणी प्यायल्या की कडा भाकरीसारख्या टरारतात आणि पुन्हा बसत नाहीत. तरी त्याच जास्त खपतात. आधी मेण, त्यावर कुंकू, हे करणारी बाई आता माझ्या गिऱ्हाइकांत नाही. पेटी रुखवतात मिरवते आणि मग तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या आणि मोबाइलच्या वायरी राहतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. गोळ्यांच्या निमित्ताने झाकण दिवसातून दोनदा उघडतं, कुंकवासाठी एकदाच उघडत असे.

झाकणाची फट मी कधी मोजली नाही. तर्जनी कडेवरून फिरवायची, कुठे घासतंय ते बोटाला कळायचं आणि रंध्याचा एक हात मारायचा. गेल्या दोन वर्षांत साखरेने बोटांची टोकं बधिर केली. डोळ्यांना चष्मा मिळतो, बोटाला काय लावणार? गॅरेजवाल्याने फीलर गेज दिला, पातळ पोलादी पात्यांचा जुडगा. तो फट किती ते सांगतो, पण कागदाएवढी फट एका टोकाला बरी आणि दुसऱ्या टोकाला वाईट का, ते सांगत नाही.

मग भाची आली. आयटीआय करून आलेली, बोलायला कमी. तिने कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “मामा, हय घासता.” नेमकं तिथेच घासत होतं. मी तिला हे शिकवलं नव्हतं. शिकवता येतं असंही मला वाटत नाही, आणि याचा मला आनंद झाला की राग आला हे अजून ठरलेलं नाही.

आता शेवटचा हात तिचाच असतो. पण गिऱ्हाईक आलं की पेटी मी पुढ्यात ओढतो, डोळे मिटतो, कडेवरून बोट फिरवतो आणि मान डोलावतो. बोटाला काही कळत नाही. गिऱ्हाइकाला फार आवडतं. ती कोपऱ्यात पटाशीला धार लावत असते, वर बघत नाही.

तळाशी कोरलेलं नाव अजून माझंच. एकदा तिने विचारलं, “मामा, माझा नाव?” मी म्हटलं, “तळाक एकाच नावाची जागा आसा.”

तळ दहा इंचांचा आहे.