दुनळीची किंमत

१९७२चा दुष्काळ सरला, पांझरेला पुन्हा पाणी आलं आणि त्यानंतरच्या एका हंगामात आमच्या वडिलांनी, नानांनी, बंदूक घ्यायचं मनावर घेतलं. साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या बाजूला आमचं गाव. पश्चिमेला डोंगर, डोंगरात रानडुकरं आणि खाली आमचा भुईमूग. कळप एका रात्रीत निम्मं वावर उकरून टाकी. आधीच्या पिढीपासून घरात एक ठासणीची बंदूक होती. तोंडाकडून दारू ओतायची, चिंधी ठासायची, छर्रे सोडायचे, पुन्हा चिंधी ठासायची, मग टोपी चढवायची. एवढं होईस्तोवर डुकरं शेजारच्या वावरात पोचलेली असत. नानांना दुनळी हवी होती. एक बार वाया गेला तरी दुसरा हाताशी राहतो.

आई म्हणाली, "तेवढ्यात एक बैल येईल." खोटं नव्हतं. दुष्काळाची देणी अजून फिटायची होती, म्हणून बंदूक स्वस्तातली हवी, ही घरची अट. दुसरी अट सरकारची. १९५९चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असं तो म्हणतो. ठासणीने काम भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच वीस इंच किंवा त्याहून लांब, गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. म्हणजे दुनळी मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी आपली गरज पटवून द्यायची. सातबारा, पोलीस ठाण्याची चौकशी, तहसील, धुळ्याची कलेक्टर कचेरी. नानांच्या चपला त्या वर्षी शेतापेक्षा सरकारी फरशीवर जास्त झिजल्या.

बंदुकीवरची ही सरकारी नजर खानदेशाला नवी नाही. १८१८ साली इथे इंग्रजी अंमल आला. १८२५ साली आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल पलटण उभी केली, धरणगावला तिचं ठाणं केलं आणि ज्यांची भीती वाटत होती त्यांच्याच हाती सरकारी हत्यार दिलं. १८५८ साली सातपुड्यात अंबापाणीला भिल्ल इंग्रजांशी लढले. पुढे १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला आणि गोऱ्याला त्यातून सूट मिळाली. कालांतराने ती सूट गेली, परवाना राहिला. तो राहिला हे बरंच झालं, असं मी आता म्हणतो. नाना तेव्हा म्हणत नसत.

परवाना हाती आल्यावर खरी निवड सुरू झाली. नानांच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार होते, आम्ही त्यांना हवालदारमामा म्हणायचो. त्यांना घेऊन नाना शहरातल्या परवानाधारक दुकानात गेले आणि हट्ट करून मीही गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन बंदुका मांडल्या. पहिली जुनी विलायती, बाहेर घोडे असलेली, नळ्यांवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. दुसरी बिहारातल्या मुंगेरची, नवी कोरी. मीर कासिमने १७६०च्या दशकात आपली राजधानी तिथे नेली आणि शस्त्रं घडवण्याचा कारखाना काढला. तेव्हापासून त्या गावात बंदुकीचे कारागीर आहेत. तिसरी बर्मिंगहॅमची, वापरलेली, नक्षी नाही, चकाकी नाही, दस्त्याचं पॉलिश उडालेलं.

माझा जीव पहिलीवर. तीच सगळ्यांत स्वस्तही होती. मामांनी ती हातात घेतली आणि खाली ठेवली. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, घडवलेल्या त्या नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या. आजच्या काडतुसातली धूररहित दारू वेगळा दाब टाकते आणि तो पेलण्याची परीक्षा त्या नळ्यांनी दिलेली नसते. इंग्लंडात विकण्याआधी प्रत्येक बंदुकीची जादा भाराने चाचणी घेऊन नळीवर शिक्का मारतात. बर्मिंगहॅमचं चाचणीघर १८१३ सालचं. मामांनी तिसऱ्या बंदुकीच्या नळ्या सुट्या करून त्यांच्या सपाट पोटावरचे शिक्के भिंगातून वाचले. नव्या दारूची चाचणी झाल्याची खूण होती. काडतुसाच्या घराची लांबीही होती, पावणेतीन इंच. जुन्या बऱ्याच बंदुकांचं घर अडीच इंचांचं असतं. त्यात लांब काडतूस सहज शिरतं, पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. बंदूक तक्रार करत नाही, एखाद्या दिवशी फुटते.

मग त्यांनी नळ्या एका बोटावर टांगल्या आणि दुसऱ्या हाताच्या पेराने टिचकी मारली. स्वच्छ, लांब नाद आला. दोन नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी डाखाने जोडलेली असते. डाख सुटला असेल तर आवाज भरड, फुटका येतो. नळीतून उजेडाकडे पाहिलं. गंजाचे खड्डे नाहीत, कुठे फुगवट्याची कडी नाही. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक बंद केली आणि हलवली. बिजागरीत खुळखुळ नाही. नळ्यांचा मागचा भाग जिथे पोलादाला टेकतो तिथे उजेडाची फट दिसली नाही. दस्त्याची मान, म्हणजे चापामागचा बारीक भाग, चिरलेली नाही. शेवटी नानांना ती खांद्याला लावायला सांगितली आणि म्हणाले, "डोळे मिट, लाव, आता उघड." नानांची नजर नळीच्या मधोमध पट्टीवर होती.

बाराबोरच घ्यायची, हेही मामांचंच म्हणणं. सोळा बोरची दुनळी कमी पैशात मिळत होती, पण तिची काडतुसं शोधत फिरावं लागलं असतं. बाराबोरची कुठेही मिळतात, आणि आपल्या खडकीच्या कारखान्यातच होतात. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसतो ती बाराबोर. भोक साधारण साडेअठरा मिलिमीटरचं. दुनळीच्या दोन नळ्या मात्र जुळ्या नसतात. पुढचा चाप सहसा उजव्या नळीचा, तिचे छर्रे लवकर पसरतात आणि त्या जवळच्या सावजासाठी. मागचा चाप डावीचा, तिचं तोंड किंचित आवळलेलं, छर्रे दूरपर्यंत एकत्र जातात. दुकानदाराने आपोआप काडतूस फेकणारं एक महागडं मॉडेलही दाखवलं. नाना अहिराणीत म्हणाले, "आपले काय वाघ मारना शे का?" आणि तिसरीचे पैसे मोजले.

ती बंदूक घरात आली आणि घराची शिस्त बदलली. बंदूक एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या नानांच्या करगोट्याला. चालताना ती मोडून, म्हणजे मधून उघडी करून, हातावर घ्यायची. बांध ओलांडण्याआधी काडतुसं खिशात. दुनळीचा मोठा गुण हाच. ती उघडी असली की रिकामी आहे की भरलेली, हे समोरच्या माणसालाही दिसतं.

डुकरं तिने किती मारली, असं लोक मला विचारतात. फारशी नाहीत. नाना बहुतेक वेळा आकाशाकडे बार काढत. आवाजाने कळप डोंगराकडे वळायचा आणि दोन रात्री शांत जायच्या. १९७२च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, १९९१च्या दुरुस्तीने ते संपले. पीक खाणाऱ्या डुकरालाही आज परवानगीशिवाय मारता येत नाही. ससा, तितर यांचं तर नावच काढू नये. १९८०च्या दशकात सर्वसामान्यांसाठी परदेशी बंदुकांची आयातही थांबली, आणि नानांनी नाइलाजाने स्वस्तात घेतलेल्या त्या साध्या बर्मिंगहॅमवालीला गिऱ्हाइकं विचारू लागली. विकायचा विषय घरात निघाला नाही. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करण्याचा निरोप यायचा. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद. काही वर्षी ती आमच्या कपाटापेक्षा ठाण्याच्या मालखान्यात जास्त राहिली असेल.

२०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तरीला पोचला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो ते वारसाच्या नावे करू शकतो. नाना दोन्ही अटींत बसत होते. अर्ज, वैद्यकीय दाखला, पोलीस चौकशी, हे सगळं पार पडून ती माझ्या नावावर झाली. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका, असं ठरलं. आता आमच्या वावराभोवती सोलरवर चालणारी झटका मशीनची तार आहे. डुकरांचा बंदोबस्त ती बंदुकीपेक्षा चांगला करते, आणि झोपही मोडत नाही.

परवा पुतण्याने विचारलं, "काका, पहिली दुनळी स्वस्तात घ्यायची तर कोणती घेऊ?" त्याला रानडुकरांशी देणंघेणं नाही. अथेन्सला २००४ साली राज्यवर्धन सिंह राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, ते त्याने मोबाइलवर पाहिलंय आणि त्याला उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायचाय. मी त्याला सांगितलं, आधी रायफल क्लबात जा आणि तिथल्या बंदुकीवर हात बसव. स्वतःची घेण्याची वेळ आली तर नावापेक्षा शिक्का बघ, नक्षीपेक्षा बिजागरी बघ, नळ्यांचा नाद ऐक, आणि काडतुसाच्या घराची लांबी तपासल्याशिवाय पैसे काढू नकोस. बंदूक जाणणारा, पण दुकानाशी संबंध नसलेला माणूस सोबत ने. जुनी, साधी, घट्ट दुनळी ही खराब झालेल्या नामांकित दुनळीपेक्षा केव्हाही चांगली.

तुमच्याही मनात असेल तर एवढाच हिशेब करा. दुकानदार सांगतो ती किंमत एकदाच द्यायची असते. कुलूपबंद कपाट, परवान्याचं नूतनीकरण, धुळ्याच्या फेऱ्या, ठाण्यातली जमा-पावती आणि घरातल्या लहान मुलांवरची नजर, ही किंमत आयुष्यभर द्यावी लागते. ती परवडत असेल तर दुनळी घ्या. नसेल तर झटका मशीन घ्या.