आधी फाइल, मग सॉफ्टवेअर

प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या आणि पहिलं सबमिशन तोंडावर आलं, की पुण्याच्या वाघोलीत नव्या लॅपटॉपचा हंगाम सुरू होतो. डोमखेल रस्त्यावरचं रायसोनी, नगर रस्त्यावरचं जेएसपीएम, बकोरी फाट्याकडचं बीजेएस, अशी इथली महाविद्यालयं. अभियांत्रिकीपासून वाणिज्यापर्यंतची मुलं इथे खोल्या करून राहतात. यांतली बरीचशी बीड, लातूर, नगरकडची. घरातला पहिलाच लॅपटॉप, त्यासाठी वडिलांनी हप्ते बांधलेले. मी महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेत शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो: "सर, ऑफिस कुठलं टाकू?"

मी उलट विचारतो, "तुझी फाइल कोण कोण उघडणार आहे?" उत्तर साधारण ठरलेलं असतं. प्रोजेक्टच्या गटातले तिघं, गाइड, विभागातला प्रिंटर आणि शेवटी ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा छापील अहवाल, बांधून देणारा झेरॉक्सवाला. सॉफ्टवेअर एकट्याच्या लॅपटॉपवर राहतं, फाइल मात्र गावभर फिरते. म्हणून निवड फाइलकडे बघून करावी.

सुरुवात खोक्यापासून करू. लॅपटॉपसोबत 'ऑफिस होम अँड स्टुडंट 2021' किंवा 'ऑफिस होम 2024' मिळत असेल, तर ते एका यंत्रापुरतं कायमचं असतं. त्यात वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट येतात. विद्यार्थ्याला तेवढं पुरतं. फक्त ते स्वतःच्या ईमेल खात्यावर चालू करून घ्यावं. दुकानदार घाईत आपलाच ईमेल टाकून मोकळा होतो आणि विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली, की परवाना त्याच्या खात्यात अडकलेला असतो. खोक्यावर नुसतं 'मायक्रोसॉफ्ट 365' आणि पुढे 'ट्रायल' असेल, तर ती वर्गणी आहे. मुदत संपली की फाइल उघडते, छापता येते, पण त्यात अक्षर बदलता येत नाही. नेमकं हे परीक्षेच्या तोंडावर कळतं.

पैसे देण्याआधी महाविद्यालयाच्या कार्यालयात एक चौकशी करावी. संस्थेने मायक्रोसॉफ्टची शैक्षणिक नोंदणी केली असेल, तर महाविद्यालयाच्या ईमेलवर वर्ड आणि एक्सेल ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतात. गूगल डॉक्सही फुकट आहे, आणि चौघांनी एकाच वेळी एका अहवालावर काम करायला त्याच्याइतकं सोपं काही नाही. पण लाइट गेली, वायफाय बसलं, की दोन्हींची अडचण होते. डॉक्सची ऑफलाइन सोय आधीच चालू करून ठेवावी लागते.

राहिलं लिबरऑफिस. 2010 मध्ये ओपनऑफिसपासून वेगळी झालेली ही शाखा पूर्ण फुकट आहे, मुदत नाही, खातं नाही, नेट लागत नाही. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात तिचे धडे मराठीतही आहेत. तिची स्वतःची फाइल ओडीएफ प्रकारची. या प्रकाराला 2006 मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली, मायक्रोसॉफ्टच्या डॉकएक्स कुळाला 2008 मध्ये. मानकं दोन असली तरी आपल्याकडे गाइड मागतात ती वर्डचीच फाइल. म्हणून लिबरऑफिस टाकल्यावर 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन नेहमीचा साठवण्याचा प्रकार वर्डचा करून घ्यावा.

एका सॉफ्टवेअरची फाइल दुसऱ्यात उघडली की पानं हलतात, ही तक्रार खरी आहे, पण बहुतेक वेळा तिचं मूळ फॉण्टमध्ये असतं. कॅलिब्री नसलेल्या यंत्रावर दुसराच फॉण्ट बसतो, ओळी लांबतात आणि आकृती पुढच्या पानावर ढकलली जाते. लिबरऑफिससोबत येणारा कार्लिटो हा कॅलिब्रीच्याच मापाचा आहे, लिबरेशन सेरिफ टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा. ते असले की ओळी बऱ्यापैकी जागेवर राहतात. एक्सेलचे मॅक्रो मात्र तिथे नेहमी चालतीलच असं नाही आणि पॉवर क्वेरी तर नाहीच. वाणिज्य किंवा एमबीएच्या मुलाला एक्सेलवर नोकरी मिळवायची असेल, तर त्याने एक्सेलच शिकावं. तिथे मी फुकटाचा आग्रह धरत नाही.

क्रॅकचं, म्हणजे परवाना चुकवून चालणाऱ्या ऑफिसचं, विचारूच नका असं म्हणून चालत नाही, कारण वसतिगृहात तो पेनड्राइव्हवर फिरतच असतो. कॉपीराइट कायद्याच्या 63 ब कलमानुसार असं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं हाही गुन्हा आहे. पण मुलाला कलमापेक्षा दुसरी गोष्ट लवकर पटते: क्रॅक टाकताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलेलं असतं. कुणी अनोळखी माणूस असं का सांगेल, एवढाच विचार करावा.

फाइलचा हा आग्रह मराठी माणसाने तरी सहज समजून घ्यावा. नव्वदच्या दशकात आपण श्रीलिपी, आकृतीसारख्या फॉण्टांवर मजकूर जुळवला. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते, त्यामुळे तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर सगळ्या लेखाचा इंग्रजी कचरा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासूनच आहे, पण छपाईच्या धंद्याने सवय सोडायला फार वेळ घेतला. आजही जुन्या दिवाळी अंकांच्या फाइली रूपांतरित करताना रफार आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. विद्यार्थ्याने तरी पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टंकावं. विंडोजच्या भाषा सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कळफलक मिळतात. आणि लिबरऑफिसमध्ये देवनागरीचा फॉण्ट इंग्रजीहून वेगळा ठरवावा लागतो, हे लक्षात असू द्यावं.

माझा सल्ला असा: खोक्यात कायमचं ऑफिस आलं असेल तर तेच वापरा. नसेल तर लिबरऑफिस टाका, गटाच्या कामाला गूगल डॉक्स ठेवा, आणि एक्सेल खरंच लागणार असेल तरच पैसे मोजा. काहीही घ्या, पण पहिल्याच आठवड्यात दोन पानांची एक फाइल बनवा. तिच्यात मराठी परिच्छेद, एक तक्ता, एक समीकरण, एक चित्र असू द्या. ती मित्राच्या लॅपटॉपवर, प्रयोगशाळेत आणि झेरॉक्सच्या दुकानात उघडून पाहा. तिन्हीकडे तशीच दिसली तर निवड बरोबर. छपाईला मात्र नेहमी पीडीएफच द्या.