थेंबातल्याचं जेवण

उन्हाळ्यात गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ इतकं वाळतं की बोटांत चोळलं तर भुगा होतो. तो भुगा रात्रभर वाटीत भिजवायचा, सकाळी पिळायचा आणि तळाचं गढूळ पाणी ड्रॉपरने काचपट्टीवर घ्यायचं. शंभरपट मोठं दाखवणारा शाळकरी मायक्रोस्कोप पुरतो. आधी नुसती माती दिसते. घाईचा माणूस इथेच उठतो. बसून राहिलं, तर दोन कणांच्या फटीतून एक पारदर्शक अंग लांबतं, पुढचं टोक टेकवतं, मागचं ओढून घेतं. थेट जळूची चाल. मग शेपटीने कुठेतरी चिकटतं आणि तोंडाशी दोन चाकं गरगरू लागतात.

हा रोटिफर. चाकं खरी नव्हेत. तोंडाभोवतीचे बारीक केस एकामागून एक लवतात, त्याने फिरल्याचा भास होतो. हे ठाऊक असूनही डोळा ऐकत नाही. चाकांच्या ओढीने पाणी आत येतं, पाण्याबरोबर कण येतात आणि आतला जबडा ते कुटत राहतो. आपल्या पोटात काय चाललंय ते बघायला सोनोग्राफी लागते. याचा सगळा कारभार उघड्यावर.

सगळे शेवाळात जलअस्वल शोधतात. ते दिसायला गोंडस आणि कीर्तीने मोठं. मला रोटिफरच आवडतो, निदान तो जेवताना तरी दिसतो. शिवाय ‘तो’ म्हणणंही चूकच, कारण या जळूचालीच्या जातींत नर आजवर कुणाला सापडलेलाच नाही. सगळ्या माद्या, आणि नराविना त्यांचा वंश चालू आहे.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने १७०२ मध्ये पन्हळीतली वाळकी माती भिजवली आणि त्यात असेच जीव हलताना पाहिले. २०२१ मध्ये तर सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतले सुमारे २४,००० वर्षांपूर्वीचे रोटिफर शुद्धीवर आल्याचं प्रसिद्ध झालं. मधल्या काळात ते जिवंत होते की नव्हते? ना खाणं, ना हालचाल. मेलेले म्हणावं, तर मेलेलं परत जेवायला बसत नाही. मला वाटतं, जगणं सलग असलंच पाहिजे, हा आपला हट्ट आहे.

एवढा चिवट जीव, पण माझ्या स्वच्छ काचपट्टीवर मरू शकतो. शेवाळात पाणी हळूहळू आटतं. त्याला अंग आवरून गोळा व्हायला सवड मिळते. उघड्या काचेवर, दिव्याच्या उबेत थेंब भराभर सुकतो आणि ती सवड राहत नाही. म्हणून मी मधूनमधून काचेच्या कडेला पाणी सोडतो आणि पाहून झालं की सगळा थेंब परत शेवाळावर ओततो. तिथे त्याच्यासारखे अगणित असतात, एकाने काही अडत नाही. पण ज्याचं जेवण इतका वेळ टक लावून पाहिलं, त्याच्यावर फडकं फिरवायला माझा हात धजत नाही.