आठ टेराबाइटचा संसार

आवाज न करणाऱ्या यंत्रावर माझा विश्वास बसत नाही. पंखा कुरकुरतो म्हणजे वीज आहे, मिक्सर किंचाळतो म्हणजे चटणी होते आहे, हे मला पलंगावर पडल्या पडल्या कळतं. आमची जुनी हार्ड डिस्क याच सभ्य परंपरेतली. आत तबकडी फिरायची, तिची घरघर ऐकू यायची आणि म्हातारपणी ती कट्‌-कट्‌ करू लागली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा खोकला ओळखावा तसं सगळ्यांनी ओळखलं, की आता निरवानिरवीची वेळ झाली.

तिच्या जागी भाच्यानं एसएसडी सुचवली. “मामा, आठ टीबीची घे. आत काहीही फिरत नाही. पडली तरी सहसा काही होत नाही आणि वेग तर विचारू नकोस!”

मी खरंच विचारला नाही. प्रश्न विचारला तो सौ.नं. “अहो, पण आईंचा आवाज त्यात टिकेल ना?”

भाचा गप्प झाला. आमच्या त्या डिजिटल संसारात मुंज, बारशी, सहली आणि नातेवाइकांची असंख्य ‘शुभ प्रभात’ असा ऐवज आहे. त्यात आईनं म्हटलेली भोंडल्याची गाणी आहेत, चाळीस मिनिटांची. मधेच कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, कारण गाताना आईनं गॅस बंद केला नव्हता. आई आता नाही. तो आवाज सुमारे चाळीस एमबीचा, म्हणजे आठ टीबीच्या दोन लाखांतला एक भाग. बाकीचे एक लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव भाग गेले तरी आमच्या घरी कोणी फार रडणार नाही.

मी बी. कॉम. माणूस. कर्ज देण्याआधी पार्टीचा ताळेबंद बघायची सवय. मग एसएसडीचाच ताळेबंद बघायला बसलो.

या धंद्याचे मूळ पुरुष म्हणजे जपानचे फुजिओ मासुओका. तोशिबा कंपनीत असताना त्यांनी १९८७ मध्ये नँड फ्लॅश मेमरी जगापुढे मांडली. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखं एका झटक्यात पुसलं जातं, म्हणून हे नाव. आत असतात सूक्ष्म कप्पे आणि त्यांत कोंडलेला विद्युतभार. कप्पा म्हणजे एक पातेलं समजा. त्यात एकच बिट ठेवायचा असेल तर पातेलं रिकामं की भरलेलं, एवढंच बघायचं. आमच्या शिपायालाही जमेल. पण स्वस्तात मोठी क्षमता हवी म्हणून त्याच पातेल्यात चार बिट ठेवले, की पाण्याची पातळी सोळा खुणांनी ओळखावी लागते. शिवाय या पातेल्यांवर पातेली रचून शंभर-दोनशे थर केलेले. म्हणजे क्षमता वाढली ती ऐसपैस बंगला बांधून नव्हे, चाळीतल्या त्याच खोलीत चार बिऱ्हाडं घालून आणि वर मजले चढवून.

आता सोळा खुणांपैकी नेमकी एक गाठायची तर पाणी थेंबाथेंबानं ओतावं लागतं. वेळ लागतो. मग तो जाहिरातीतला वेग येतो कुठून? अहो, कॅश काउंटरवरून! ड्राइव्हनं थोडे कप्पे एकेका बिटासाठी राखून ठेवलेले असतात. आलेला माल तिथे भराभर घ्यायचा, गिऱ्हाइकाला हसून निरोप द्यायचा आणि मोजदाद करून तिजोरीत रचायचं काम मागे सावकाश करायचं. सॅमसंगची २०२० सालची आठ टीबीची ‘८७० क्यूव्हीओ’ घ्या. काउंटरवर जागा आहे तोवर सेकंदाला पाचशेवर एमबी लिहून घेते. ही जागा ७८ जीबीची. ती भरली, की वेग १६० एमबीवर येतो, म्हणजे थेट हार्ड डिस्कच्या पंगतीत. एक तारखेला पेन्शनची रांग लागल्यावर आमचंही हेच होतं. फक्त लोक आम्हाला बोलतात. विखुरलेल्या हजार बारीक फायली शोधायच्या असल्या तर मात्र एसएसडीच पुढे. हार्ड डिस्कला दर वेळी हात लांब करावा लागतो.

वेगाचं ठीक आहे, आयुष्याचं काय? प्रत्येक लिहिण्या-पुसण्यानं कप्पा झिजतो. म्हणून आतला मुनीम एकाच कप्प्यावर सारखं काम टाकत नाही. सगळ्यांना आळीपाळीनं राबवतो. बँकेतल्या बदल्यांचं हेच धोरण आहे, फक्त तिथे कप्प्यांना युनियन नाही. याच ड्राइव्हवर कंपनी २,८८० टीबी लिहिण्याची हमी देते. म्हणजे ती ३६० वेळा काठोकाठ भरता येईल. मी रोज २० जीबी लिहितो असं धरून भागाकार केला. उत्तर आलं ३९४ वर्षं! सौ.ला मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. तिनं खालची ओळ वाचली : हमी तीन वर्षं, किंवा तेवढं लिहून होईपर्यंत, जे आधी घडेल ते.

ही तफावत फसवणूक नव्हे. कप्पे झिजून मरणं हा मृत्यूचा एक प्रकार झाला. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलमधले त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये सहा वर्षांच्या वापराचा अभ्यास मांडला. हार्ड डिस्कच्या मानानं हे ड्राइव्ह कमी वेळा बदलावे लागले. पण त्यांत न वाचता येणाऱ्या मजकुराच्या चुका जास्त निघाल्या. आणि किती लिहिलं यापलीकडे, नुसतं वयही नडतं असं दिसलं.

कधी तर वयही नाही, नुसता हिशेब नडतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझनं जाहीर केलं, की आपले काही ड्राइव्ह आतल्या प्रोग्रॅमची दुरुस्ती केली नाही तर ३२,७६८ तास चालून बंद पडतील. ३२,७६८ म्हणजे दोनाचा पंधरावा घात. तीन वर्षं, २७० दिवस आणि आठ तास! सेवानिवृत्तीची इतकी नेमकी वेळ आमच्या हेड ऑफिसलाही काढता येत नाही. शिवाय एकाच दिवशी कामाला लागलेले सगळे जवळजवळ एकाच वेळी जाणार, म्हणजे मूळ प्रत आणि नक्कल हातात हात घालून.

राहिला कपाटाचा प्रश्न. बँकेत दोन वर्षं व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय होतं, पण शिल्लक जागेवर असते. इथे वीज मिळाली नाही, की पातेल्यातलं पाणी हळूहळू झिरपतं. जेडेक या संस्थेचं मानक सांगतं, की घरगुती ड्राइव्हनं, हमीइतकं लिहून झाल्यावरही, तीस अंश तापमानात विजेविना वर्षभर मजकूर सांभाळला पाहिजे. नवी असेल तर पुष्कळ जास्त टिकेल. पण डोंबिवलीत मे महिन्यात आमच्या माळ्यावर तीस अंश कुठले आणायचे?

तेव्हा सौ.ला मी दिलेलं उत्तर असं : टिकेल, पण एकट्या ड्राइव्हच्या भरवशावर नाही. एवढी मोठी ड्राइव्ह घेण्यातला धोका तिच्या तब्येतीत नसून आपल्या मनात आहे. सगळं एकाच ठिकाणी मावतं, म्हणून माणूस सगळं एकाच ठिकाणी ठेवतो. पैशाच्या बाबतीत हे करू नका, असं मी काउंटरवर बसून वीस वर्षं सांगतो आहे.

एसएसडी घेतली, रोजच्या वापराला झकास आहे. गाण्यांची दुसरी प्रत वेगळ्या कंपनीच्या घरघर करणाऱ्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि तिसरी बहिणीकडे सांगलीला. नवरात्रात तिन्ही प्रतींना वीज दाखवायची आणि प्रत्येक प्रत संपूर्ण ऐकायची, असा ठराव झाला. सांगलीची प्रत बहीण फोनवरून ऐकवते. तिसरी शिट्टी ऐकू आली, की मी वहीत खूण करतो. मग सौ. उगाचच स्वयंपाकघरात जाऊन गॅस बघून येते.