सौम्य गृहस्थ
समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवरील या मेक्सिको शहरात ज्वरामुळे अंथरूण धरले असता, खिडकीबाहेरच्या जाकारांदाच्या जांभळ्या फुलोऱ्याकडे पाहताना मनात आले, की कचेरीत माझ्या मितभाषी स्वभावाची जी ख्याती झाली आहे ती मुळात माझी नव्हेच. स्पॅनिश क्रियापदांची रूपे जुळवीपर्यंत चर्चा पुढे सरकलेली असते, आणि मराठीत मी हजरजबाबी, किंबहुना थोडा भांडखोरही आहे, ही हकिकत येथे कोणाच्याही दप्तरी नाही. गंमत अशी, की या सौम्य गृहस्थाचा सहवास मला अलीकडे आवडू लागला आहे. जाकारांदाही माझ्यासारखीच परकी, मूळची दक्षिण अमेरिकेतली. तात्सुगोरो मात्सुमोतो या जपानी उद्यानतज्ज्ञाच्या सल्ल्याने ती येथे लावली गेली, असे सांगतात. त्या परदेशस्थाने तो सल्ला कोणत्या व्याकरणात दिला असेल? उद्या कामावर रुजू व्हायचे आहे. अहवाल अर्थातच स्पॅनिशमध्ये मागितला आहे.