वहिनींची वही

परदेशगमनाची तयारी म्हटली कीं आपल्या घरांत आधीं आठवण होते ती लाडू-चिवड्याच्या डब्यांची व लोणच्याच्या बरणीची. तिकडील भाषेचे चार शब्द बरोबर न्यावेत, हें क्वचितच कोणास सुचतें. आम्हांसही तें सुचलें नव्हतें. आमचा पुतण्या जर्मनींत नोकरीस असतो. वहिनींना घेऊन त्याच्याकडे जाण्याचें ठरलें, तेव्हां त्यानेंच दूरध्वनीवरून दहा शब्द सांगून ते पाठ करण्याची ताकीद दिली. नमस्कारास ‘गुटन टाग’, आभारास ‘डांके’, विनंतीस ‘बिट्टे’, अशी ती यादी होती. मुरबाडच्या आमच्या ओटीवर दिवेलागणीला परवचा व्हावा, तसा त्यांचा घोष सुरू झाला. “या वयांत मला पाढे म्हणायला लावतां, भावोजी!” असें वहिनी म्हणत, परंतु वही त्यांनींच घातली. मधुमेहामुळें एक शब्द त्यांनीं मागून घेतला : ‘ओने त्सुकर’, म्हणजे बिनसाखरेचा. चहा मागतांना उपयोगी पडावा, एवढाच हेतु.

तेथें एके दिवशीं पुतण्या कामावर असतांना आम्ही दोघें आगगाडीनें जवळच्या गांवीं निघालों. गाडी वाटेंत तासभर अडकली. वहिनींनीं गोळी घेतलेली, जेवणाची वेळ टळलेली. त्यांना दरदरून घाम सुटला, हात कांपूं लागले, शब्द अडखळूं लागले. खडीसाखरेची पुडी नेमकी घरीं राहिली होती. समोरच्या वृद्ध बाईंना आमचें इंग्रजी कळेना. तेव्हां वहींतला तो शब्द आठवला. त्यांतला ‘ओने’ टाकून आम्ही एवढेंच म्हणालों, “बिट्टे, त्सुकर!” बाईंनीं वहिनींकडे एकवार पाहिलें, पिशवींतून द्राक्षशर्करेच्या वड्या काढल्या व एक स्वतः त्यांच्या तोंडांत घातली. थोड्या वेळानें वहिनी सावरल्या. त्यांचा पहिला शब्द होता, “डांके!”

ज्या शब्दानें वेळ निभावली, तो मुळांत आपलाच. संस्कृत ‘शर्करा’ इराणी व अरबी मुखांतून इटलींत गेली आणि पुढें जर्मनांची ‘त्सुकर’ झाली. आपली ‘साखर’ही तिचीच लेक. शब्दांचे असे प्रवास आमच्या तालुक्याला नवे नाहींत. वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट हा सातवाहनकाळीं कोंकणांतील बंदरांना जुन्नरशीं जोडणारा व्यापारी मार्ग. त्या जुन्नरच्या लेण्यांत यवनांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि ते कोरले आहेत येथल्या प्राकृतांत. परक्या देशीं आलेल्यांनीं यजमानांची भाषा आपलीशी केली होती.

हा विचार मनांत घोळत असतांनाच पावसाळ्याच्या तोंडीं आम्ही घरीं परतलों. दारांत नेहमींची कातकरी बाई शेवळांच्या जुड्या घेऊन उभी होती. कित्येक वर्षें ती येते, आमच्याशीं मराठींत बोलते, आणि आम्ही तिच्याशीं घासाघीस करतों. तिच्या घरीं निराळी बोली आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. तिचा एक शब्द मात्र येत नव्हता. सातासमुद्रांपलीकडच्या लोकांसाठीं दहा शब्द घोकले आणि ओटीच्या पायरीशीं बसणारीसाठीं एकही नाहीं, याची त्या दिवशीं खरोखर लाज वाटली.

वहिनींनीं त्या दिवशीं घासाघीस केली नाहीं. त्यांनीं तीच वही आणली आणि विचारलें, “बाई, तुमच्या बोलींत ‘ये, बैस’ कसें म्हणतात?” ती आधीं लाजली, मग हंसली, आणि सांगूं लागली. आतां त्या वहींत जर्मन शब्दांखालीं तिचे शब्द चढत आहेत.